माळ पडीक नव्हता, मंडळी!



उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नज, मार्डी, अकोलेकाटी या भागात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारून पाहा, "माळढोक बघितलाय का?" म्हातारा आधी हसतो, मग हात कमरेच्या वर नेऊन उंची दाखवतो. "एवढा असायचा. चालायचा कसा, तर पाटील निघालाय चावडीला! मेंढरं जवळ गेली तरी घाई नाही." त्याच घरातल्या नातवाला विचारा. त्याने माळढोक पाहिला तो अभयारण्याच्या पाटीवर, रंगवलेला.

आजोबा आणि नातू यांच्यामध्ये पन्नास-साठ वर्षांचे अंतर. एवढ्या काळात एक पक्षी शिवारातून पाटीवर गेला. अधूनमधून एखादा दिसल्याची बातमी येते, पण बातमी येते याचाच अर्थ तो आता रोजचा राहिलेला नाही.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाने सोयाबीनवर लिहावे, उसावरच्या हुमणीवर लिहावे. पाखरांच्या भानगडीत कशाला पडावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच आजचा हा लेख. माळढोक हा नुसता पक्षी नव्हे. वैद्य जशी नाडी बघतो, तशी माळाची नाडी म्हणजे माळढोक. आणि माळाशी आपली ज्वारी, आपली खिलार, आपली मेंढरे आणि आपल्या विहिरीचे पाणी बांधलेले आहे.

एक अंडे, तेही उघड्यावर

माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो. नराचे वजन १४-१५ किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढे वजनदार पक्षी जगात फार थोडे. त्याचे खाणे म्हणजे नाकतोडे, टोळ, भुंगेरे, सरडे, शिवाय बोरे आणि शेतातले दाणे. म्हणजे पिकाचे थोडे खातो आणि पिकाच्या शत्रूंचे पुष्कळ खातो.

मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते. ना घरटे, ना झाडाचा आडोसा, उघड्या जमिनीवर. जवळजवळ महिनाभर ती एकटी ते उबवते. विणीचा काळ मुख्यतः पावसाळ्याचा. आता हिशेब तुम्हीच करा. कोंबडीचा एक खुडूक वाया गेला तर दुसरा बसवता येतो. इथे एक अंडे गेले की वर्ष गेले.

एके काळी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत गवताळ माळावर हा पक्षी होता. १९६९ च्या सुमारास देशात बाराशेच्या वर माळढोक असावेत असा अंदाज होता. आज रानात दीडशेच्याही आत उरले आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात जैसलमेरकडे. २०११ पासून जगाच्या यादीत त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे. म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडची पायरी. डॉ. सलीम अली यांच्यासारख्या जाणत्याने हा राष्ट्रीय पक्षी व्हावा असे सुचवले होते. तो मान १९६३ मध्ये मोराला मिळाला. मोर गावात राहिला, माळढोक माळावर राहिला आणि माळच राहिला नाही.

दोष कुणाचा?

सुरुवातीला शिकार झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद केली. पण बंदुकीपेक्षा मोठे काम नांगराने आणि पुढे जेसीबीने केले. उजनीचे पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. ज्या माळावर हुलगा, मटकी आणि देवावर भरवसा ठेवून ज्वारी व्हायची, तिथे बागायत झाली. यात शेतकऱ्याचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या पोराला शाळेची फी भरायची आहे त्याने पाणी आल्यावर ऊस लावू नये, असे कुठल्या तोंडाने सांगायचे?

१९७९ मध्ये सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. कागदावर एवढे मोठे की त्यात गावे आली, शहराची हद्द आली, तुमच्या-आमच्या खासगी जमिनी आल्या. खरेदी-विक्री अडली, बिगरशेती अडली, घर बांधणे अडले. माणूस रोज कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लागला की त्याला पाखरू गोड कसे वाटेल? काही गावांत 'माळढोक' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, हे खोटे नाही. पुढे क्षेत्र कमी करून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. पण तोपर्यंत मनं दुखावली होती आणि माळ तुकड्या-तुकड्यांत उरला होता. पक्षी वाचवायचा तर आधी त्याच्या शेजारच्या माणसाला विश्वासात घ्यावे लागते, हा धडा आपल्याच जिल्ह्याने दिला.

तिसरा मारेकरी म्हणजे विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरचे त्याला कमी दिसते. त्यात जड अंगाचा, तार दिसली तरी ऐनवेळी वळता येत नाही.

चौथा मारेकरी आपण पोसलेला आहे. तो म्हणजे गावाबाहेरची मोकाट कुत्री. ती अंडी खातात, पिले मारतात, शेळ्यांची करडेही सोडत नाहीत. ही कुत्री एवढी माजली कशी? पूर्वी मेलेले जनावर माळावर टाकले की गिधाडे तासा-दोन तासांत हाडे उघडी पाडायची. दुखण्यावर जनावरांना डायक्लोफिनॅक हे औषध देऊ लागले. तसे जनावर मेल्यावर गिधाडाने खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. काही वर्षांत देशातली ९५ टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झाले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. पण गिधाडांची जागा तोवर कुत्र्यांनी घेतली होती. पाहा, गोठ्यातले एक इंजेक्शन कुठून कुठे गेले! निसर्गातली साखळी म्हणतात ती ही.

हवामानाचा शेवटचा धक्का

आता मुख्य मुद्द्यावर येतो. हवामान बदलतेय हे तुम्हाला मी सांगायला नको. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण सरासरीवर पीक येत नाही. २०१५ आणि २०१८ ला टँकरच्या मागे धावलो. १४ ऑक्टोबर २०२० ला एका दिवसात शिवारे वाहून गेली. २०२३ मध्ये पुन्हा पावसाने डोळे वटारले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काठच्या गावांना पाण्यात घातले. दुष्काळ पूर्वीही पडत होता, पूरही येत होता. आता दोन्हींच्या मधली ऐसपैस वर्षे कमी झाली आहेत.

आपण दुबार पेरणी करतो, विमा भरतो, कर्जमाफीची वाट पाहतो. माळावरच्या जिवाला यातले काही नाही. पाऊस लांबला की गवत येत नाही. गवत नाही तर नाकतोडे नाहीत. नाकतोडे नाहीत तर पिलाला चारा नाही. आणि एकदम कोसळला तर उघड्यावरचे एकच अंडे किती टिकणार? पूर्वी एखाद्या भागात असे झाले तर पक्षी उडून दुसऱ्या माळावर जायचा. आज दुसरा माळ कुठे आहे?

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. माळढोक एकट्या हवामानबदलाने गेला, असे म्हणणे म्हणजे आपल्या अंगावरचे ओझे आभाळावर टाकणे होईल. आपण त्याला कड्याच्या टोकापर्यंत ढकलत नेले. बिघडलेले हवामान शेवटचा धक्का देते. जगभर हीच गत आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ब्रॅम्बल के नावाचे एक इवलेसे बेट आहे. तिथे उंदराची एक जात राहायची. समुद्राचे पाणी पुन:पुन्हा बेटावर चढले, खाण्याचा पाला गेला. २००९ नंतर तो उंदीर कुणी पाहिला नाही आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचे मान्य केले. हवामानबदलाने संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद झाली. बिचाऱ्याला जायला दुसरे बेट नव्हते. आपल्या माळांचीही आता बेटे झाली आहेत, भोवती पाण्याऐवजी ऊस आणि प्लॉटिंग, एवढाच फरक.

गंमत म्हणा किंवा दैवगती म्हणा, हवामान सावरण्यासाठी आपण जो उपाय करतो तोही माळावरच येऊन बसतो. राजस्थानात सौर आणि पवन विजेचे प्रकल्प माळढोकाच्याच मुलखात उभे राहिले, त्यांच्या तारा आल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून न्या असे सांगितले. २०२४ मध्ये ते सरसकट शक्य नाही म्हणून आदेश बदलला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणे हा नागरिकाचा हक्क आहे, असेही न्यायालयाने म्हटले. एका पाखराच्या खटल्यातून तुम्हा-आम्हाला हा हक्क मिळाला. जैसलमेरकडे २०१९ पासून अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिलूही झाले. गायी-म्हशींत आपण जे रोज करतो ते माळढोकात जमले. आनंद आहे. पण पिले मोठी झाल्यावर सोडायची कुठे?

शिवारातही तेच चालले आहे

पाखरू बाजूला ठेवा. आपल्या घरातली कणगी आठवा. मालदांडी तर होतीच. मोहोळच्या संशोधन केंद्राने आपल्याच भागातल्या वाणातून निवडलेली 'मालदांडी ३५-१' देशभर गेली. पण तिच्याबरोबर हुरड्याची गूळभेंडी होती, कुचकुची होती, दगडी होती. ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या. बांधाला अंबाडी, कडेला जवस, हलक्या रानात हुलगा आणि मटकी. पाऊस दगा देऊन गेला तरी यातले काहीतरी पदरात पडायचे. आजी म्हणायची, "एक नाही पिकलं तर दुसरं पिकंल." तोच तिचा पीकविमा होता.

आज शिवार पाहा. एका बाजूने सोयाबीन, दुसऱ्या बाजूने ऊस. एकच पीक, एकच वाण, सगळ्यांची पेरणी एकाच आठवड्यात. पाऊस वेळेवर पडला तर सगळे हसतात, नाही पडला तर सगळे एकदम रडतात. एकाच्या प्लॉटवर आलेली कीड चार दिवसांत गावभर होते. माळढोकाचे एकच अंडे तसे आपले एकच पीक. त्याच्याकडे पर्याय नव्हता. आपल्याकडे होता, आपण तो मोडीत काढला.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना 'पद्मश्री' मिळाली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. आम्ही पदविका घेतलेले लोक जे हायब्रीडच्या पाकिटाबाहेर पाहायला विसरलो, ते त्यांनी गाडग्यात आणि राखेत जपून ठेवले. सुधारित वाण नको असे माझे म्हणणे नाही. सगळेच रान एका पाकिटावर लावू नका, एवढेच सांगणे आहे.

माझीही चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. २०१९ ला तर ३३ कोटींचे उद्दिष्ट होते. नोकरीत नवीन होतो. एका गावात जागा कुठली असा प्रश्न आला. मीच गायरानाकडे बोट दाखवले. "हा पडीक माळ आहे, इथे घ्या." कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवताचा तो माळ. मशीन लावून खड्डे काढले, गिरिपुष्प लावले, फोटो झाले. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपे वाळली. गवताची मुळे उचकटली होती ती उचकटलीच.

दिवाळीनंतर एक धनगर मामा बांधावर भेटले. रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "सायेब, झाडं लावली ते बरं केलं. पण मेंढरं आता कुठं न्यायची?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या माळावर टिटव्या होत्या, चंडोल होते, कधी खोकड दिसायचे. पावसाचे पाणी गवतातून मुरून खालच्या विहिरींना जायचे. हे सगळे माझ्या अहवालात एका शब्दात बसले होते, 'पडीक'. सातबारावरही बघा, 'पोटखराबा' असेच लिहिलेले असते. जमिनीला आपण एकदा खराब म्हटले की मग तिच्याशी कसेही वागायला मोकळे होतो.

झाड लावणे पुण्याचेच. पण गावठाणात लावा, रस्त्याकडेला लावा, ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा. गवताचा माळ हे मोडलेले जंगल नव्हे. तो माळ म्हणूनच पुरा असतो.

आता करायचे काय?

माळढोक उद्या परत येईल असे खोटे आश्वासन मी देत नाही. पण आजही माळावर बरेच काही शिल्लक आहे. त्यासाठी गावपातळीवर पुढील गोष्टी होण्यासारख्या आहेत.

१) जैवविविधता नोंदवही काढा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी घाईने नोंदवह्या भरल्या गेल्या. एका गावची वही मी पाहिली. तिच्यात त्या शिवारात कधी न उगवलेली झाडे होती आणि माळावरच्या एकाही गवताचे नाव नव्हते! सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब, ती वही कपाटातून काढून ग्रामसभेत वाचून दाखवा. मेंढपाळ, वैदू, जुन्या बाया यांना बोलवा. चुकीचे खोडा, राहिलेले लिहा.

२) गायरानाचा एक तुकडा राखा. सगळा नको, एक भाग. पावसाळ्यात तिथे चराई बंद, गवताचे बी झडले की कापणी. दरवर्षी तुकडा बदला. वणवा लावू नका. चारा वाढेल आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांना तेवढे चार महिने मिळतील. मेंढपाळांना विचारून ठरवा, त्यांना वगळून नको.

३) सौर प्रकल्पाला जागा दाखवताना पारखून दाखवा. दिवसा वीज आपल्याला हवीच आहे. पण गायरान दिसले की तेच पहिले देऊ नका. तलाठी भाऊसाहेबांना बरोबर घेऊन शिवारफेरी करा. मुरूम काढून उजाड झालेली जागा असेल तर आधी ती सुचवा.

४) मेलेले जनावर उघड्यावर टाकू नका, खोल पुरा. कुत्र्यांचा माज तिथूनच सुरू होतो. दुखण्यावर जनावराला माणसाच्या दुकानातले डायक्लोफिनॅक देऊ नका. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित औषध आहे. पशुवैद्यकांना विचारून द्या.

५) फवारणी पंचांग पाहून करू नका, पीक पाहून करा. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली आहे का ते पाहा. एकरी २० पक्षीथांबे लावा, पाखरे अळ्या फुकट वेचतात. पीक फुलोऱ्यात असताना मधमाशांची वेळ टाळून संध्याकाळी फवारा.

६) घरटी चार ओळी जुन्या वाणाच्या. गूळभेंडी असो, हुलगा असो, करडई असो. चांगली कणसे निवडून बी घरी धरा आणि एका शेजाऱ्याला द्या. बी एकाच घरात असले तर ते गेले म्हणून समजा. बांधावरची बोर, हिवर, बाभूळ तोडण्याआधी दोनदा विचार करा.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागते ती ग्रामसभेतली अर्ध्या तासाची चर्चा.

एक आठवण देऊन थांबतो. देशातला चित्ता असाच माळाचा जीव होता. १९४७ च्या सुमारास शेवटचे चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये तो संपल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ मध्ये आफ्रिकेतून विमानाने चित्ते आणावे लागले. माळढोकासाठी ती सोयही नाही. तो भारतीय उपखंडाबाहेर कुठेही नाही. आपल्याकडे संपला म्हणजे संपला.

लेखाच्या सुरुवातीला ज्या म्हाताऱ्या माणसांविषयी सांगितले, त्यांतल्या एका तात्यांना मी निघताना विचारले, "तात्या, येईल का हो परत?" तात्यांनी माझ्याकडे पाहिले, मग समोरच्या उसाकडे पाहिले. म्हणाले, "यायला येईल की. पण येऊन उतरंल कुठं?"

येत्या ग्रामसभेला हा प्रश्न विषयपत्रिकेवर घ्या. उत्तर तुमच्याच गावच्या गायरानात आहे.